पिंपातलं डिझेल

महाराजांनी सडक्या भाज्या, लाकडाचा भुसा आणि फाटके बूट व्यासपीठावरच्या तीन पायांच्या पिंपात ओतले, वरून चिमूटभर तांबडी भुकटी टाकली आणि तोटी उघडली. डिझेलची धार लागली. चौकातली दोनशे माणसं एकदम पुढे रेटली गेली.

"विज्ञानवाले ह्या भुकटीला उत्प्रेरक म्हणतात, लेकरांनो, मी आशीर्वाद म्हणतो!" महाराज गरजले. "त्यांना कारखाने लागतात, मला नुसती श्रद्धा पुरते!"

माझा दादा गाड्या दुरुस्त करायचा. त्याने धारेत बोट घालून हुंगलं. "अस्सल आहे गं!"

"म्हणूनच खोटं आहे," मी म्हणाले. आमच्या प्रयोगशाळेत आठ वर्षं मी हेच काम करतेय. "भुसा हवेशिवाय पाचशे अंशांवर तापवून, वाफा उत्प्रेरकावरून नेल्या, तरी हातात काळं, आंबट तेल येतं. ते शुद्ध करायला पुन्हा हायड्रोजन आणि दाब लागतो. आणि हा थंड पिंपातून काढतोय?"

"तुला आठ वर्षांत जमलं नाही, म्हणून तुझ्या पोटात दुखतंय."

मी हसले आणि कामावर निघून गेले. तिथेच थांबून भांडायला हवं होतं.

दादाने ती भुकटी घरी आणली आणि तसाच कचरा घालून एक पिंप भरलं. पिंपातून थेंबही येईना, तेव्हा महाराजांच्या चेल्याने सांगितलं, "श्रद्धा कमी पडत असेल तर झाकण पक्कं करा आणि खालून जाळ द्या." एरवी दादा गिऱ्हाइकाला बंद टाकीजवळ काडी ओढू देत नसे. त्याने झाकण वेल्डिंग करून टाकलं, तोटी बंद केली आणि खाली शेगडी पेटवली. भाज्यांतल्या पाण्याची वाफ झाली, तिला बाहेर पडायला वाट नव्हती. पिंप फुटलं तेव्हा तो वाकून तोटी बघत होता.

दोन्ही डोळे गेले. पट्ट्यांआडून तो वहिनीला म्हणाला, "माझीच श्रद्धा कमी पडली."

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला आणि त्याच्या वजनकाट्याला घेऊन मी चौकात गेले. "महाराज, वीस लिटर डिझेल बाहेर आलं, तर पिंप सोळा-सतरा किलोंनी हलकं व्हायला हवं. आधी वजन करू."

"देवाची करणी काट्यावर तोलतेस?"

"हाकला तिला!" लोक ओरडले. कोणीतरी मला ढकललं. तेवढ्यात भंगारवाल्याने पिंपाला मिठी मारून ते उचलायला घेतलं. हलेना. त्याने जोर लावून हिसका दिला. पिंपाचा पोकळ पाय उखडून आला आणि पायातून लोंबणाऱ्या रबरी नळीतून डिझेल उडालं. नळीचं दुसरं टोक व्यासपीठाखालच्या कॅनमध्ये होतं आणि महाराजांच्या आसनाखाली पायाने दाबायचा पंप.

मघाशी महाराजांचे पाय धरणाऱ्यांनीच त्याला त्याच पायांना धरून फरफटत खाली ओढलं. त्याचे दात पडेपर्यंत मी बघत राहिले. मग मध्ये पडले, पोलीस बोलावले.

दादाला सगळं सांगितलं. मग त्याने चाचपडत माझा हात धरला. "नळी होती, ठीक आहे. पण भुकटी तरी खरी असेल ना?"

भुकटी मी तपासली होती. राख आणि गेरू. मी त्याला तेही सांगितलं.

उत्प्रेरक हा रासायनिक क्रियेचा वेग वाढवतो, नसलेली वस्तू निर्माण करत नाही. कचऱ्यापासून इंधन होतं, पण ते उष्णतेने, मेहनतीने आणि सगळ्यांसमोर मोजूनमापून. कोणी फुकटचा चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी त्याच हातांनी तो उचलून बघा. आणि तुमचं माणूस त्या गर्दीत उभं असेल, तर हसून निघून जाऊ नका.