चादरीची परमशांती

“बोटं वर करा,” श्वासगुरू म्हणाले आणि रुग्णालयाच्या धुलाईघरातल्या घडीच्या खोलीत चाळीस हात वर गेले. प्रत्येक हातात एक अंगठी, अंगठीत वाटाण्याएवढा मणी. गुरूंनी त्याचं नाव ठेवलं होतं मनमणी. मन खवळलेलं असलं की मणी काळा, जरा निवलं की हिरवा, आणि परमशांतीला पोचलं की मोरपिशी निळा.

गुरू दोन्ही हात शालीत घालून रांगेतून फिरत होते. “भूतकाळ म्हणजे मळलेलं कापड. भविष्यकाळ म्हणजे अजून मळायचं कापड. शहाणा माणूस मधल्या क्षणात राहतो.”

“मधल्या क्षणात ते माझ्या मशिनीत असतं,” धुलाईयंत्र चालवणारा मशीनदादा पुटपुटला. दोघीतिघींनी डोळे वटारून त्याला गप्प केलं.

इस्त्रीयंत्रावरच्या धाकटीपाशी येऊन गुरू थांबले. शालीतून हात काढून त्यांनी तिचा हात दोन्ही तळव्यांत धरला, डोळे मिटले, सावकाश वर उचलून सगळ्यांना दाखवला. मणी निळाशार. खोलीभर सुस्कारा फिरला. पुढच्या रांगेतल्या एकीने तर हात जोडले.

मागच्या रांगेत थोरली उभी होती. तिच्या बोटातला मणी काजळीसारखा काळा होता, आणि तो काळा का आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला धाकटीचं बघवत नव्हतं.

दोघी सख्ख्या जावा. एका घरात राहायच्या, एकाच पाळीला यायच्या. थोरलीला इथे सतरा वर्षं झाली, ती सगळी गार पाण्याच्या हौदावर, चादरी खळबळण्यात गेली. बोटं पांढरी फटक पडायची, नखांच्या कडा सोलायच्या. धाकटीला येऊन चार वर्षं झाली नाहीत तोच इस्त्रीयंत्रावरची कोरडी, उबदार जागा मिळाली. घरीही तेच. सासूबाई भाजीत मीठ कमी पडलं तर “थोरले, लक्ष कुठे असतं तुझं?” म्हणायच्या आणि जास्त पडलं तर “धाकटी बिचारी दमली असेल” म्हणायच्या. आता त्यात मण्याची भर पडली. धाकटी जात्याच शांत, थोरली जात्याच तुसडी, हे इतके दिवस घरातल्यांचं मत होतं. आता त्याला पुरावा मिळाला.

कामाचा ताण कमी व्हावा म्हणून व्यवस्थापकांनी हा माइंडफुलनेसचा, म्हणजे मन आत्ताच्या क्षणात ठेवायला शिकवणारा, वर्ग ठेवला होता. थोरलीने मनापासून प्रयत्न केला नाही असं नाही. ती हौदावर श्वास मोजायची. आत घेताना एक, सोडताना दोन. पण पाचापर्यंत गेली की पलीकडून धाकटीचं हसणं ऐकू यायचं, आणि मोजणं तिथेच तुटायचं. मणी काळाच.

“ताई, जोर नका करू,” धाकटी प्रेमाने सांगायची. “नुसतं सोडून द्यायचं.”

“तू दे सोडून. माझ्या हातातली चादर सोडली तर गटारात जाईल.”

मग एके दिवशी गुरूंनी धाकटीला ‘शांतिदूत’ म्हणून स्वयंपाकघरातल्या लोकांपुढे बोलायला नेलं आणि मुकादमाने थोरलीला तिच्या जागेवर उभं केलं. दिवसभर थोरली धगधगत्या यंत्रात चादरी सारत होती आणि आतून त्याहून जास्त धगधगत होती. मनात काय काय येत होतं ते देवालाच ठाऊक. सहज तिची नजर बोटाकडे गेली.

मणी निळा होता. धाकटीच्या मण्यापेक्षाही गडद. मुकादमही जाता जाता बघून “वा!” म्हणाला.

थोरली चमकली. आपलं मन या घटकेला कसं आहे हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने अंगठी काढून नुकत्याच इस्त्री झालेल्या चादरीच्या घडीवर ठेवली. मणी निळाच राहिला. पाणी प्यायच्या निमित्ताने हौदावर जाऊन तिने अंगठी पाण्यात बुडवली. पाच आकडे मोजायच्या आत मणी काळा ठिक्कर.

“असं आहे होय,” ती स्वतःशी म्हणाली. चार आठवडे गुरूंनी तिच्या मनाचा म्हणून जो रंग दाखवला, तो तिच्या हौदाचा होता.

खरं सांगायचं तर पहिला विचार काही फार चांगला आला नाही. वर्गाच्या आधी तळवे यंत्राच्या वाफेवर धरायचे की झालं. पुढच्या खेपेला शांतिदूत आपण. सासूबाईंचं तोंड कसं होईल, याचं चित्र रंगवत ती घरी गेली.

धाकटी डोकं दाबत बसली होती.

“काय गं, काय होतंय?”

“काही नाही ताई. चार दिवस डोकं जड आहे जरा. मघाशी उठताना गरगरलं.”

“गोळी घेतलीस का रक्तदाबाची?”

धाकटी हसली. “गुरूंनी बंद करायला सांगितली. म्हणाले, ज्याचा मणी निळा त्याला औषध म्हणजे धुतलेल्या कापडाला पुन्हा साबण.”

इस्त्रीयंत्रासमोर उभ्या उभ्या हिला भोवळ आली तर? “अगं, तो मणी नुसता उष्णतेने रंग बदलतो. मी पाहिलंय.”

धाकटीने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, कीव होती. “ताई, तुमचा काळा येतो म्हणून तुम्ही असं म्हणता.”

ती म्हणत होती ते अर्धं खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला तेव्हा दाराशी डॉक्टरीणबाईही येऊन बसल्या होत्या. त्या रुग्णालयाच्या कामगारांना तपासायच्या. थोरलीने सकाळीच जाऊन त्यांना सगळं सांगितलं होतं, आणि मन मोजतातच आहेत तर तुमचंही रक्तदाबाचं यंत्र घेऊन या, अशी गळ घातली होती.

गुरूंनी बोटं वर करायला सांगितली. थोरली पुढे आली. बोटातली अंगठी काढून तिने यंत्रातून नुकत्याच निघालेल्या गरम चादरीवर ठेवली.

“बघा गुरुजी, निळा झाला. चादरीला परमशांती लाभली.”

मशीनदादा खो खो हसला. गुरू मात्र गडबडले नाहीत. “माउली, जड वस्तूला मनच नसतं. जिथे मन नाही तिथे शांतीच शांती.”

माना डोलल्या. थोरलीने अंगठी ओल्या चादरीवर ठेवली. मणी काळा पडला.

“मग हिला का मन फुटलं? एकाच गाठोड्यातल्या चादरी आहेत.”

“रोग्यांच्या वेदना पाण्यात उतरतात. मणी त्या वेदना दाखवतो.”

पुन्हा माना डोलल्या. मागून एकजण म्हणाली, “हिच्या पोटात दुखतंय हो, दुसरं काय.” धाकटीने मान खाली घातली. थोरलीच्या लक्षात आलं की चादरी दाखवून भागायचं नाही, या माणसाजवळ प्रत्येक चादरीला उत्तर तयार आहे. एकच साक्ष अशी होती जिला त्याच्याजवळ उत्तर नव्हतं, आणि ती देताना तिची उरलीसुरली अब्रू जाणार होती.

“हो, दुखतंय माझ्या पोटात,” ती म्हणाली. “काल दिवसभर मी हिच्या जागेवर होते आणि माझा मणी निळा होता. मुकादमांनी पाहिलाय. त्या वेळी माझ्या मनात काय होतं सांगू? मनात होतं की एकदा हिच्या हाताला या यंत्राचा चटका बसावा, म्हणजे ही महिनाभर घरी बसेल आणि ही जागा मला मिळेल. एकदा नाही, दिवसभर तेच घोळत होतं. ही तुमची परमशांती असेल गुरुजी, तर मग अशांती कशाला म्हणायचं?”

गुरू शाल सावरत दाराकडे बघू लागले.

डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांनी मणी हातात फिरवून पाहिला. “यात रसायनाचा पातळ थर आहे. ऊब लागली की रंग बदलतो, गार झाला की काळा पडतो. तापलेल्या पोराच्या कपाळावर लावायच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या असतात ना, तसंच. माणूस घाबरला की बोटं थोडी गार पडतात, तेवढं खरं. त्या चिमूटभर खऱ्यावर यांनी दुकान थाटलंय. हौदावरची बोटं गार, इस्त्रीवरची गरम. आणि तुमचे हात सदा शालीत का असतात हो?”

गुरू मागे सरकले, तशी शालीतून एक गरम पाण्याची रबरी पिशवी धप्पकन पडली आणि जमिनीवर डचमळत राहिली.

“आशीर्वाद सांडला,” मशीनदादा म्हणाला.

पण हसण्यात कुणी वेळ घालवला नाही, कारण बाईंनी धाकटीच्या दंडाला पट्टा बांधला होता. आकडा पाहून त्यांनी तिला हाताला धरून खाली बसवलं. “एकशे ऐंशी. आणि या माणसाने तुमची गोळी बंद केली. आत्ताच्या आत्ता चला माझ्याबरोबर.”

थोरली पाण्याचा पेला घेऊन तिच्यापाशी बसली. वर बघायची हिंमत होत नव्हती.

धाकटी दोन घोट प्यायली. “ताई, चटका कुठल्या हाताला बसावा म्हणत होतात?”

“गप गं.”

“नाही, डावा चालला असता. उजव्याने तुमचीच कामं करते मी.” आणि तिने थोरलीचा गारठलेला हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

श्वासगुरू त्याच दिवशी गेले. वर्ग मात्र बाईंच्या सांगण्यावरून चालू राहिला, अंगठ्यांशिवाय. जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं गप्प बसायचं, श्वास येतोय जातोय याकडे लक्ष द्यायचं, मनात राग आला तर ‘आला’ म्हणायचं, हेवा आला तर तोही आला म्हणायचं. जीव थोडा हलका होतो, चिडचिड कमी होते, आणि त्यापलीकडे काही होत नाही. औषध ते औषधच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सोडायचं नाही. थोरलीचा मत्सर पाच मिनिटांत गेला असं मी म्हणणार नाही. पण तो आला की आता तिला ओळखू येतो.

बाबांनो, देव मानणाऱ्याने तर हे आधी समजून घ्यावं. ज्याने आपल्याला मन दिलं त्याने ते ओळखायला आतला डोळाही दिला आणि दुसऱ्याचं बोलणं पारखायला बुद्धीही दिली. कुणी तुमचं मन मोजायला आला, तर त्याचं माप आधी तपासा. गरम करून बघा, गार करून बघा, चार माणसांदेखत विचारा. जे खरं असेल ते तपासल्याने झिजत नाही. आणि जो तपासू देत नाही, त्याच्या शब्दावर आपला जीव टाकू नका, दुसऱ्याचा तर नाहीच नाही.