ठरलेले खर्च

कात्सुनोरीने पावती तळहाताने सपाट केली. तरी ती पुन्हा गुंडाळी व्हायला बघत होती, म्हणून एका टोकावर त्याने सोया सॉसची बाटली ठेवली, दुसऱ्या टोकावर चॉपस्टिक टेकवायचं चिनी मातीचं बदक ठेवलं आणि श्वास रोखून फोन वर धरला. फोटो निघाला. रंगाईच्या गिरणीत नोकरीभर त्याने हेच केलं होतं. कापडाचा नमुना टेबलावर पसरायचा आणि डाग शोधायचा.

त्याची बायको योरिको समोर बसून होती. न्याहारीचे वाडगे पावत्यांच्या पसाऱ्यात अडकले होते, त्यामुळे तिला उठताही येत नव्हतं.

“टोफू. गरजेचं,” तो फोनवर बोट टेकवत म्हणाला. “कांद्याची पात, गरजेची. आणि ही तांदळाची बिस्किटं? ही उधळपट्टीत जातील.”

“काल बेसबॉल बघताना पुडा कुणी संपवला?”

त्याने जरा विचार केला.

“मग गरजेची.”

मार्च अखेरीस तो निवृत्त झाला आणि आठवड्याभरात घरखर्चाचा कारभार त्याने हातात घेतला. कुणी मागितला नव्हता. तेहतीस वर्षं पगार येई तो योरिकोच्या हातात, आणि दर महिन्याच्या पंचवीस तारखेला ती त्यातून त्याचा हातखर्च एका पाकिटात घालून त्याला देई. त्यांच्या इचिनोमिया गावात काय, साऱ्या देशात घरोघरी असंच चालतं. तिने त्या पैशांत घराचे हप्ते फेडले, मुलीला शिकवलं, गिरणीने पगार कापले तेव्हाची दोन वर्षं कुणाला कळू न देता काढली. सगळं मार्गी लागल्यावर हे आले, आयत्या बिळावर नागोबा. आता इंटरनेटवर घरखर्चाचं एक फुकटचं साधं साधन होतं, ते दोघांच्या फोनवर जोडलेलं होतं, आणि ‘साधनाचा पुरेपूर उपयोग कसा करावा’ असा एक छापील कागद फ्रिजवर चुंबकाने लटकत होता. त्यातल्या निम्म्या ओळींखाली त्याने पट्टीने रेघा मारल्या होत्या.

“आता हे,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात डाग सापडल्याचं समाधान होतं. “सुझुरान. कॉफीची आगाऊ तिकिटं, साडेचार हजार येन.”

“दरवेळी घेते तीच.”

“घरी कॉफीचा कप वीस येनला पडतो. मी हिशोब काढलाय.”

“घरी तुम्ही असता.”

ते त्याला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल तरी त्याचा रकाना साधनात नव्हता. त्याने बोट टेकवलं. पडद्यावरच्या गोलाची लाल फोड जराशी रुंद झाली. उधळपट्टी.

“दहा कपांच्या पैशांत अकरा तिकिटं,” योरिको म्हणाली. “एक फुकट.”

“आणि ती अकरा कुठे आहेत?”

“दुकानात. भिंतीवर. आपल्याकडे सगळ्यांची तिथेच असतात, तुम्हाला काय नव्याने सांगायचं? तुमचीही होती की गिरणीसमोरच्या दुकानात.”

“ते कामाचं होतं.” त्याने चष्मा वर ढकलला. “म्हणजे आपले पैसे त्यांच्या भिंतीवर टांगलेत. अजून दहा तरी उरली असतील. आज गुरुवार आहे, आईकडून येताना तू जाशीलच. परत कर आणि पैसे घेऊन ये. म्हणजे ही ओळ मला पुसता येईल.”

योरिकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती ओरडणाऱ्यांतली नव्हती. तिने सोया सॉसची बाटली उचलून जागेवर ठेवली, आणि पावती टपकन गुंडाळी झाली.

“तुमचा हातखर्च कुठल्या रंगात आहे?” तिने विचारलं.

“तो रंगात नाही. ठरलेल्या खर्चांत आहे, विजेच्या बिलाच्या वर.”

“ठरलेल्या म्हणजे?”

“म्हणजे ज्याला हात लावायचा नसतो. कागदावर दिलंय सगळं. ठरलेलं आधी बाजूला काढायचं, मग उरलेल्यात काटछाट करायची.”

“आणि माझा?”

“तुझा काय?”

“हातखर्च.”

तो शोधू लागला. हे मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं की त्याने खरोखर शोधलं. अंगठ्याने वर सरकवलं, खाली सरकवलं, एक रकाना उघडून पुन्हा मिटला.

“तू घरखर्चात असशील ना,” तो शेवटी म्हणाला.

“कशात? टोफूत की कांद्याच्या पातीत?”

“आता सकाळी सकाळी भांडू नकोस. नवी ओळ कशी घालायची ते मी तुला शिकवलंय. काही राहिलं असेल तर घाल. साधन वापरायला शिकायला नको का माणसाने?”

योरिकोने वाडगे उचलले आणि मोरीत इतक्या हळू ठेवले की त्याला भीती वाटायला हवी होती. तो पुढची पावती सपाट करत होता.

आईच्या वृद्धाश्रमापर्यंत तिने सायकल अशी हाणली की नदीच्या बांधावर फिरायला आलेले दोन म्हातारे बाजूला झाले. आई खिडकीपाशी बसली होती. ती गेल्या वर्षापासून योरिकोला ओळखत नव्हती. कधी वारलेली मावशी समजे, कधी नर्स. आज नर्स समजली. योरिकोने तिची नखं कापली, केस विंचरले, उकडलेलं रताळं कुस्करून चमच्याचमच्याने भरवलं.

“तुम्ही फार मायाळू आहात बाई,” आई म्हणाली. “घरी तुमची वाट बघत असतील, जा आता.”

“हो, जाते.”

पण तिथून सरळ घरी जाणं तिला जमत नसे, आणि तेच तर या माणसाला कळत नव्हतं. आईसमोर ती आईची मुलगी उरली नव्हती. घरी पोचली की चहा कुठाय, पावती कुठाय. मधला तो एक तास, सुझुरानमधली ती कोपऱ्यातली खुर्ची, एवढ्यातच आठवड्याभरात तिला योरिको म्हणून बसता येई. वीस येनचा कप म्हणे. दात कोरून पोट भरायला निघालेत.

दुकानात शिरल्यावर नोबुएने, म्हणजे मालकिणीने, तिच्याकडे बघितलं आणि न विचारता कॉफी गाळायला घेतली. सकाळच्या वेळी कॉफीबरोबर जाड टोस्ट आणि उकडलेलं अंडं फुकट येतं. ताटली समोर आली. योरिकोने अंडं टेबलाच्या कडेवर असं आपटलं की कवच बलकापर्यंत आत गेलं.

“अंड्यात आज कोण आहे?” नोबुएने विचारलं.

“विचारू नकोस.”

“ठीक, नाही विचारत. पण दुसरं आणून देऊ का? त्यात आता खाण्यासारखं काही उरलं नाही.”

योरिकोला हसू आलं नाही. तिने पर्स मांडीवर घेतली, उघडली, पुन्हा मिटली.

“माझी तिकिटं परत घेशील का? उरलेल्यांचे पैसे पाहिजेत.”

नोबुएचा किटलीवरचा हात थांबला. गल्ल्यामागच्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक खिळ्यावर तिकिटांचा एक पट्टा, वर नाव. मोरिशिमा योरिको, दुसऱ्या रांगेत, खिडकीकडून तिसरा खिळा.

“ताई, दुकान सासूबाईंकडून माझ्याकडे आलं तेव्हापासून अजून एकानेही परत मागितली नाहीत,” ती म्हणाली. “मेलेल्यांनीसुद्धा नाही. ते बघा, तादोकोरोकाका. मागच्या शिशिरात गेले. त्यांचा मुलगा दर महिन्याला थडग्यावर पाणी घालायला येतो, जाताना बापाच्या नावाचं एक फाडतो. मी काढू का त्यांना भिंतीवरून? पैसे देते तुम्हाला, द्यायचेच झाले तर. पण काय झालं ते तरी कळू द्या.”

“आमच्याकडे नवीन कारभारी आलाय.”

“अच्छा. निवृत्त झालेत वाटतं?”

“मार्चपासून.”

“मग बरोबर आहे. आमचे झाले तेव्हा माझ्या चमच्यांना नंबर घातले होते.” तिने किटली खाली ठेवली. “तुम्ही कॉफी घ्या आधी. गल्ला कुठे पळून जात नाही.”

योरिकोने फोन काढला. त्या दोन मिनिटांत तिला नक्की काय करायचं होतं हे विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. तिला फक्त ती विजेच्या बिलावरची ओळ एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. ती होती. ठरलेले खर्च: कात्सुनोरी, हातखर्च, तीस हजार. खाली वीज, गॅस, पाणी, विमा, आईचा आश्रम.

तो आकडा तिनेच ठरवला होता. पगार कापले गेले तेव्हाही तिने तो कमी केला नाही. चारचौघांत बसणारा माणूस, त्याच्या खिशात काही असायला हवं, म्हणून स्वतःचा हिवाळी कोट आणखी तीन हिवाळे ओढला. आणि इतक्या वर्षांत एकदाही तिच्या हाताने तिच्या नावापुढे काही लिहिलं नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं. हे मनात आलं आणि तिचा राग दुप्पट झाला, कारण आता तो वाटून घ्यायला दोन माणसं होती, तो आणि ती स्वतः.

तिने अधिकचं चिन्ह दाबलं. अगदी त्याने शिकवल्याप्रमाणे. प्रकार? ठरलेला. नाव? योरिको. रकमेच्या चौकोनात मात्र तिचं बोट अडलं. हजार लिहावेत का? पाच हजार? बाजारात घासाघीस करावी तशी ती स्वतःशीच घासाघीस करत होती. मग तिने वरच्या ओळीत होता तोच आकडा लिहिला, तीस हजार, आणि बोट दाबलं.

गोल क्षणभर फिरला. खाली महिन्याची शिल्लक दाखवणारा आकडा काळ्याचा लाल झाला आणि त्याच्यापुढे वजाची छोटी रेघ आली. साधनाने नम्रपणे सुचवलं: खर्च उत्पन्नाहून जास्त आहे. कमी करता येण्यासारखं काही आहे का, ते पाहा.

टोस्टचा एक घास पोटात जायच्या आत फोन वाजला.

“अगं, साधनात काहीतरी बिघाड झालाय,” कात्सुनोरी म्हणाला. “अचानक तूट दाखवतंय. ठरलेल्यात एक जास्तीची ओळ आलीय.”

“बिघाड नाही. मी घातली.”

“तीस हजार? कसले?”

“हातखर्च.”

“कुणाचा?”

“नाव लिहिलंय. वाचा.”

स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर तिला फोनमधून ऐकू आली. म्हणजे तो त्या कागदासमोर उभा होता.

“पण योरिको,” तो म्हणाला. त्याने तिला नावाने हाक मारली याचं तिलाच नवल वाटलं; मुलगी झाल्यापासून ‘अगं’वरच भागत होतं. “असं केलं तर हिशोब जुळत नाही.”

“नाहीच जुळणार. इतकी वर्षं जुळत होता, तो मी त्यात नव्हते म्हणून.”

तिचा आवाज चढला नव्हता, तरी पलीकडच्या टेबलावरच्या बाईने वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबवलं.

“मग आता मी काय करू?” तो म्हणाला.

“मला काय विचारता? साधन तुम्हाला येतं.”

तिने फोन ठेवला. तिने दोन्ही हात कपाभोवती धरले. कॉफी कोमट झाली होती, पण तिने ती बशीत एक थेंबही न सांडता प्यायली. राग उतरला नव्हता. नोबुए लांबूनच कप पुसत राहिली.

काही वेळाने फोन टेबलावरच थरथरला. आता ओळ पुसली असणार, योरिकोला वाटलं. पुसली असली तर ती पुन्हा घालणार होती, आणि रोज पुसली तर रोज घालणार होती. तिने पडदा उघडला.

तिची ओळ ठरलेल्या खर्चांत नव्हती. त्याचीही नव्हती. विजेच्या बिलाच्या वर आता काहीच नव्हतं. ती खाली खाली सरकवत गेली. गरजेचे झाले, उधळपट्टी झाली, आणि अगदी तळाशी, जो सहा महिने त्याने कटाक्षाने रिकामा ठेवला होता असा एक राखाडी रकाना होता, ‘अजून न ठरलेले’. एक पावती तिथे पडली तरी त्याला जेवण गोड लागत नसे. त्यात दोन ओळी होत्या. योरिको. खाली कात्सुनोरी. दोघांपुढचे आकडे होते तेच होते, आणि तूट लालची लालच होती.

तिने त्या दोन्ही ओळी पुन्हा एकदा वाचल्या.

“मग ताई,” नोबुए गल्ल्यापाशी आली, “तिकिटांचं काय करू? काढू पैसे?”

“आजचं फाड,” योरिको म्हणाली. “बाकीची राहू देत भिंतीवर.”

नोबुएने पट्ट्याच्या टोकाचं एक तिकीट फाडलं.

“आणि टोस्टवर अझुकीच्या दाण्यांचं गोड पुरण लावून आण.”

“त्याचे वेगळे पैसे पडतात हं. इतकी वर्षं येताय, कधी घेतलं नाहीत.”

“ठाऊक आहे,” योरिको म्हणाली. “पावती दे.”