कौशल्याबाईचं सरण

गावातली रीत अशी, की कोणी गेलं की घरटी एक लाकूड सरणाला यायचं आणि तेही ज्याच्या त्याच्या धुऱ्यावरचं. शेताच्या बांधाला इकडे धुरा म्हणतात. बाभळीचं असो, निंबाचं असो, माणूस ते खांद्यावर घेऊन नळगंगा नदीच्या काठी यायचा, ठेवायचा आणि हात जोडायचा. हिंमतरावांनी आजवर एकाही सरणाला लाकूड चुकवलं नव्हतं.

आणि त्यांच्या बायकोच्या, कौशल्याबाईच्या वेळी? पोळ्याच्या दिवशी सकाळीच ती गेली. दुपार टळली तरी एक माणूस लाकूड घेऊन आला नाही. आले सगळे, रडलेही, ओट्यावर बसूनही राहिले, पण रिकाम्या हातांनी.

काऊन? तर ती कार्बनची योजना! आदल्या साली बीटी कपाशीत गुलाबी अळी शिरली, बोंडं आतून सडली आणि गाव पार हवालदिल झालं. त्यातच एक कंपनी आली. म्हणाली, परदेशातल्या कारखान्यांना धूर सोडायची किंमत मोजावी लागते. तुम्ही धुऱ्यावरची झाडं राखा, ते पैसे तुम्हाला मिळतील. पण गावात एक जरी झाड तुटलं, तरी कोणालाच काही नाही. वरून आभाळातून सगळं दिसतं म्हणे. गावानं असा धसका घेतला, की वाळून पडलेली फांदीसुद्धा कोणी उचलेना. धूर तिकडच्यांनी करायचा आणि इकडे सरपणाला हात लावायची चोरी. वा रे न्याय!

हिंमतराव कुऱ्हाड घेऊन शेताकडे निघाले, तर वाटेत गुलाबराव आडवा आला. योजनेच्या गटाचा अध्यक्ष तो, आणि लहानपणापासूनचा दोस्त.

"हिंमत, तुह्या पाया पडतो. एका झाडापायी साऱ्या गावाचं जाईन."

"मंग तिले कशावर जाळू बे?"

"मोताळ्याहून आणू ना लाकूड."

"पोळा हाय आज. वखार बंद हाय."

मागे ओट्यावरची माणसं उभी राहून बघत होती. त्यातल्या प्रत्येकाचं घर अळीनं बुडवलं होतं, हे हिंमतरावांना ठाऊक होतं. कौशल्या असती तर म्हणाली असती, जाऊ द्या, त्यांच्या तोंडचा घास कशाला काढता. त्यांनी आपणहून कुऱ्हाड खाली ठेवली.

शेवटी पऱ्हाटीवर भागवलं. पऱ्हाटी म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, चुलीसाठी छपरात रचून ठेवलेल्या. जोडीला गोवऱ्या आणि घरातली मोडकी बाज. पण पऱ्हाटी जशी भडकते तशीच विझते. माणसं धावत जाऊन भारे आणत होती, टाकत होती, जाळ उठायचा आणि बसायचा. सांजेला भुरभुर पाऊस लागला, मग तेवढंही पेटेना. जे उरलं ते नदीच्या वाळूत पुरावं लागलं. हिंमतराव शेवटपर्यंत तिथून हलले नाहीत. रडले मात्र नाहीत, आणि त्याचीच लोकांना भीती वाटली.

तेरवी झाल्यावर कंपनीचा पोरगा झाडं मोजायला आला. पारावर कोणीतरी त्याला झालेली गोष्ट सांगितली. तो चांगला पोरगा होता बिचारा, त्याचा चेहराच उतरला.

"अहो, पण वाळलेलं लाकूड कधीही घेता येतं! आणि मयतीसाठी एखादं झाड तोडलं तरी चालतं, तशी सूट आहे. तुम्ही मला एक फोन तरी करायचा होता."

एवढ्या मोठ्या गावात विचारायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

हिंमतराव उठून पोराजवळ गेले. रागावले नव्हते ते. आवाज अगदी हळू होता.

"हाव का, बापू? मंग आता तूच सांग, तिले पुन्यांदा कसं जाळू?"