दमयंतीची दाभोळ ड्युटी

खेडहून दाभोळला निघालेली एसटी चढावाच्या तोंडाशी थांबली. घंटी कंडक्टर दमयंतीनेच वाजवली होती. गाडी खच्चून भरलेली. सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने मान खाली घातली नाही.

"माझा पोट बिघडलाय. समोरच्या घरात जाऊन येते. जरा थांबा."

कुणी हसलं नाही. ड्रायव्हर आत्मारामने इंजिन बंद केलं. त्या घरच्या गोदाकाकूंनी काही न विचारता पाण्याची बादली भरून दिली.

हे दुखणं जुनं होतं. पोट फुगायचं, कळ यायची, धावावं लागायचं. सोनोग्राफी झाली, दुर्बिणीने तपासणी झाली, कशातच दोष निघाला नाही. नवरा मुंबईहून फोनवर म्हणायचा, मनाला लावून घेऊ नको. ड्युटीला ती उपाशीच निघायची. डेपोतल्या साहेबांनी टेबलाचं काम देऊ केलं, तेव्हा तिने हात जोडून नको म्हटलं. गाडीवरची बाई खुर्चीत रमणार नाही, एवढंच तिचं म्हणणं.

त्या संध्याकाळी ती खेडच्या डॉक्टर मृणालींकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"रिपोर्ट चांगले आहेत, म्हणून तुमचा त्रास खोटा ठरत नाही," त्या म्हणाल्या.

आतड्यातल्या जंतूंचा तोल बिघडला की असं होऊ शकतं, त्यांनी समजावलं. आतड्यातच काम करणारं अँटिबायोटिक दोन आठवडे देऊन बघू. गुण येईलच असं नाही, आला तरी दुखणं परतू शकतं, हेही लपवलं नाही.

दमयंतीने एकही गोळी चुकवली नाही. हळूहळू पोट हलकं झालं. गणपतीत तिने सगळ्यांबरोबर पोटभर मोदक खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी बिनघोर गाडीवर गेली.

शिमग्याच्या सुमारास कळ परतली. शेजारची सखू म्हणाली, त्याच गोळ्या दुकानातून आण, कोण विचारतोय.

"उगाच खाल्ल्या तर जंतू गोळ्यांना दाद देणार नाहीत," दमयंती म्हणाली. "मग खरी गरज लागली की काय खाऊ?"

ती पुन्हा डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तपासलं. त्रास पहिल्याइतका नव्हता. आधी खाण्यात बदल करू, वाढलाच तर औषध पुन्हा देऊ, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. वळणावर कळ आली. दमयंतीने दांडा घट्ट धरला, कळ ओसरू दिली, आणि समोरच्या म्हातारबुवांकडे वळून शांतपणे विचारलं, "बाबा, कुठं उतरायचा?"