पत्ता बदलला की

"पुन्हा पहिल्या पानावर आणून सोडलं बघ," ताई म्हणाली आणि तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला. आदळला नाही, आदळण्याइतकं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. रात्रपाळी करून ती सकाळी घरी आली होती आणि अजून अंगावर गणवेशच होता.

समोर तिचा धाकटा भाऊ बसला होता. पन्नाशी गाठली तरी ताईच्या लेखी तो बाळ्याच. नर्सांच्या नोंदणीची वेबसाइट ज्या सर्व्हरवर चालायची, ते सांभाळणं ही त्याची नोकरी. नूतनीकरणाचा आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळपर्यंत ज्यांचा अर्ज जाणार नाही, त्यांना उद्यापासून ड्यूटी मिळणार नव्हती.

"काल फोनवर काय म्हणालास? 'इथून तर चालतंय, तुलाच जमत नसेल.'"

"ऑफिसातून चालतच होतं ना, ताई. कितीदा करून बघितलं."

"मग माझ्यावरच खार खाऊन आहे का तुझं मशीन? चौथ्या पानापर्यंत गोड बोलतं, आणि मग विचारतं, आपण कोण?"

एरवी तो हसला असता. आठवडाभर अशाच तक्रारी ऐकून त्याचं डोकं उठलं होतं. आज सकाळीच त्यानं साहेबांना सही करून लिहून दिलं होतं, की यंत्रणेत दोष नाही, वापरणाऱ्यांचाच गोंधळ होतो आहे. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो इकडे आला होता.

"तू भर. मी नुसता बघतो," तो म्हणाला.

ताईनं पुन्हा भरायला घेतलं. नाव, हुद्दा, वॉर्ड. चौथ्या पानावर प्रमाणपत्राचा फोटो मागितला, तशी ती उठली. प्रमाणपत्र जिन्याजवळच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत होतं. बाळ्या मागोमाग गेला. तिनं फोटो काढला, तिथंच उभं राहून बटण दाबलं. पहिलं पान.

"बघितलंस?"

तो फोनच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत होता. जिन्यापाशी घरातलं वाय-फाय पोचत नव्हतं; फोन मोबाइलच्या नेटवर गेला होता. बाळ्या पायरीवर बसला.

"काय रे, चक्कर आली?"

"नाही. समजलं." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "आमच्याकडे तीन मशिनं आहेत. तुझा अर्धा भरलेला अर्ज त्यातल्या एकाच्याच डोक्यात असतो, बाकीच्या दोघांना त्याचा गंधही नसतो. तू परत त्याच मशीनकडे जावंस म्हणून दारात एक वाटप करणारा बसवलाय. तो तुला ओळखतो इंटरनेटच्या पत्त्यावरून. टेबलावरून उठून इथं आलीस, वाय-फाय सुटलं, पत्ता बदलला. त्यानं तुला दुसऱ्याच मशीनकडे धाडलं."

"वॉर्डात पाळी बदलताना पेशंटचं पुढच्या नर्सला सांगितलं नाही, तर आमची सालटी काढतात."

"हो."

"हे असं बसवलं कुणी?"

"मीच."

म्हणताना त्याचं त्यालाच लागलं. ऑफिसचा पत्ता कधी बदलत नव्हता. तिथं बसून कितीही तपासलं असतं तरी ते जन्मभर बरोबरच चाललं असतं.

"वाय-फाय बंद करून भर," तो म्हणाला. "एकाच नेटवर राहिलीस की तुझं होऊन जाईल."

"आणि बाकीच्यांचं? आमच्यातल्या निम्म्या पोरी बसमध्ये बसून भरतात. सकाळी एक तर रडायला लागली होती. तिच्या पगारावर घर चालतं."

खरा इलाज त्याला माहीत होता, पण त्याला मंजुरी लागायची आणि दिवस जायचे. आज जमण्यासारखं एकच होतं. दोन मशिनं बंद करायची. एकच उरलं की चुकायला दुसरं दारच नाही. त्या दोघांवरचे अर्धवट अर्ज एकदा पुसले जातील, साइट रडतखडत चालेल, आणि साहेब सकाळचा कागद समोर धरतील.

त्यानं ऑफिसात फोन लावला. तिथं त्याच्या हाताखालच्या मुलीला सगळे चष्मा म्हणत.

"चष्मा, दुसरं आणि तिसरं मशीन बंद कर."

"साहेबांना विचारलंत?"

"नाही."

"सर, उरलेलं एकटं कण्हत बसेल. इथं फोनवर फोन येतील."

"येऊ देत. माझं नाव सांग."

ताईनं वाय-फाय मुद्दाम चालूच ठेवलं आणि पुन्हा नावापासून सुरुवात केली. एकेक पान उघडायला इतका वेळ लागत होता, की मध्ये ती हनुवटीला हात लावून डोळे मिटायची. फोटोसाठी ती जिन्यापाशी जाऊन आली. या वेळी पाचवं पान आलं.

"शेवटचं उघडलं की हाक मार," तिनं फोन त्याच्याकडे सरकवला आणि टेबलावर डोकं टेकलं.

शेवटचं पान आलं तेव्हा ती गाढ झोपली होती. 'वरील माहिती खरी असल्याचं मी जाहीर करते,' एवढंच वाक्य आणि खाली बटण. ते दाबणं त्याच्या हातात होतं, पण जाहीर तिला करायचं होतं. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता. नुसतं सोडून दिलं तर मशीन थोड्या वेळानं तिला विसरलं असतं, म्हणून तो अधूनमधून 'जतन करा' दाबत राहिला.

त्याचा स्वतःचा फोन थरथरला. साहेब होते. त्यानं डाव्या हातानं तो कानाला लावला.

"हो साहेब, मीच बंद करायला सांगितली," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला. "सकाळी लिहून दिलं ते चूक होतं. नाही, ऐकू येतंय मला. घरात माणूस झोपलंय, म्हणून हळू बोलतोय."

पलीकडचा आवाज चढत गेला. तो ऐकत राहिला, आणि उजव्या अंगठ्यानं त्यानं पुन्हा एकदा 'जतन करा' दाबलं.