पडद्यांची गाडी आणि बाबांची वॉरंटी

मी एक जुनी, पांढरी, पाठीमागे पेटीसारखी चौकोनी असलेली छोटी व्हॅन आहे. जुनी म्हणजे वयाने हो! मनाने मी अजून शोरूमच्या काचेमागेच उभी आहे आणि कुणी अंगावरून हात फिरवला की अजूनही लाजते. माझ्या उजव्या बाजूला निळ्या अक्षरांत 'पडदे शिवून व लावून मिळतील' असे लिहिले आहे. त्यातला 'लावून' उन्हाने पार पुसट झाला आहे. त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला 'पडदे शिवून व मिळतील' एवढेच दिसते आणि तो हसतो. हसेना का बापडा! त्याच्या खिडकीचे पडदे मीच पोहोचवले असतील.

मित्रांनो, माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, जोडला, रंगवला आणि शेवटी एका कामगाराने माझे शेवटचे चाक आवळले. बॉनेटवर थाप मारून तो म्हणाला, "जा, नाव काढ." त्याने दिवसभरात आणखी शंभर गाड्यांना हेच सांगितले असेल, पण मला वाटले ते फक्त मलाच. लहानपणी सगळ्यांना तसे वाटतेच.

मला घरी आणले पडदेवाल्या बाईंनी. बाई घरोघर जाऊन खिडक्यांची मापे घेत, घरी पडदे शिवत आणि पुन्हा जाऊन स्वतःच्या हाताने लावून देत. माझ्या पोटात शिडी, ड्रिल मशीन, रॉडच्या जुड्या, कड्यांचे डबे आणि कापडाचे तागे असत. 'दोनदा मोजावे, एकदा कापावे' हे बाईंचे ब्रीद. चहात साखर घालतानाही त्या दोनदा बघत. लोकांच्या घरातले ऊन आम्ही दोघींनी अडवले आणि स्वतः मात्र दिवसभर उन्हात उभ्या राहिलो. मी नसते तर हे काम चालले नसते. हा माझा बढाईखोरपणा नाही, बाईच सगळ्यांना तसे सांगत.

बाईंबरोबर त्यांचे वडील राहत. आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणतो. बाबांनी चाळीस वर्षे एका डोळ्याला भिंग लावून घड्याळे दुरुस्त केली होती. त्यांच्या धंद्यात एक रीत असते. घड्याळ दुरुस्त झाले की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने तारीख आणि आपली खूण कोरायची. बाबांची खूण होती एक इवलीशी चांदणी. ती गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. ती असते पुढे कधीतरी ते झाकण उघडणाऱ्या दुसऱ्या कारागिरासाठी. आणि जिथे चांदणी, तिथे बाबांचा शब्द असे. तोच बिघाड पुन्हा झाला तर जन्मभर फुकट दुरुस्ती! बाबांना त्यासाठी कधी कागद लागला नाही.

आता त्यांच्या हातून घडलेली चूक सांगते. माझे दुसरे सर्व्हिसिंग आले तेव्हा बाईंच्या मागे एका हॉटेलच्या चाळीस पडद्यांची घाई होती. त्यांनी बाबांच्या हातात किल्ली दिली. "बाबा, सर्व्हिसिंग तेवढं करून आणा. आणि पुस्तकावर शिक्का मारून घ्या हं, विसरू नका."

बाबा मला घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. रांग होती, म्हणून काचेतून आत बघत बसले. आत एक जण यंत्राने टर्रर्र करून नट आवळत होता आणि न बघताच पुढच्या गाडीकडे वळत होता. बाबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. केसाएवढ्या बारीक स्क्रूला श्वास रोखून हात लावणारा माणूस तो! ते उठले, मला वळवले, वाटेत योग्य तेच ऑइल आणि योग्य तोच फिल्टर घेतला आणि घरामागच्या गल्लीत सतरंजी अंथरून स्वतः कामाला लागले. माझे इतके लाड आधी कधी झाले नव्हते. एकेक नट पुसून, पाहून, पुन्हा पाहून बसवला. शेवटी बॉनेटच्या आतल्या बाजूला सुईने तारीख, किलोमीटर आणि चांदणी कोरली. मला गुदगुल्या झाल्या.

घरात जाऊन ते म्हणाले, "झाली बरं का गाडी." ते खोटे बोलले नाहीत, अर्धे खरे तेवढे गिळून बसले. पुस्तकातल्या दुसऱ्या पानावर शिक्का नव्हता, हे फक्त त्यांना आणि मला ठाऊक होते. पुढच्या सर्व्हिसिंगला पुस्तक दाखवायची पाळी आली तेव्हा बाबांनीच ते नेले आणि थेट तिसरे पान उघडून पुढे केले.

बघता बघता मला तीन वर्षे होत आली. कंपनीची वॉरंटी तिथे संपणार होती. आणि नेमक्या त्याच दिवसांत मी तिसऱ्या गिअरमध्ये कण्हू लागले. अगदी बारीक, कापडाच्या घडीत डास अडकावा तसा आवाज. बाई गाडी चालवताना मनात मापे घोळवत असत, त्यांना तो ऐकू आला नाही. बाबांना मात्र पहिल्याच दिवशी ऐकू आला. टिकटिकीतला आजार ओळखणारे कान त्यांचे! पण ते बोलेनात. त्यांच्या मनाने घेतले होते की, हे आपल्याच हाताने झाले. शेजारच्या सीटवर बसून ते हळूच म्हणत, "दुसऱ्यातच राहू दे गं, कशाला घाई?"

मग सर्व्हिस सेंटरमधल्या टाय लावून वॉरंटी विकणाऱ्या टायवाल्याचा फोन येऊ लागला. आणखी दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घ्या, म्हणे. खरे सांगू? मला आधी रागच आला. म्हणजे मी आजारी पडणार यावर पैज लावायची आणि वर मला त्याच दारात उभे करायचे! पण बाईंची बाजू मला कळत होती. माझे मोठे काही मोडले असते तर त्यांना ते झेपले नसते. मला विकावे लागले असते आणि पाठोपाठ पडद्यांचे कामही गेले असते.

बाई वॉरंटी घ्यायच्या विचारात आहेत असे दिसताच बाबांनी कंबर कसली. सोमवारी ते म्हणाले, "कंपनीला स्वतःच्या गाडीचा भरवसा नाही, म्हणून हे कागद विकतात." मंगळवारी म्हणाले, "माणसाला कुठं असते वॉरंटी? मग गाडीला कशाला?" बुधवारी त्यांना बाईंच्या शिलाई मशीनचा पुळका आला. "ती कधीपासून कुरकुरतेय. आधी नवीन मशीन घे बाळ."

तिन्ही मुद्दे तसे बरे होते, पण खरे कारण त्यातले एकही नव्हते. शिक्क्याविना तो कागद फुकट जाणार, ही भीती त्यांना आतून कुरतडत होती. आणि ते सांगायचे तर आपली चोरी उघडी पडणार होती. इकडे आड, तिकडे विहीर!

बाई हसून म्हणाल्या, "बाबा, तुम्ही छत्री नेता ती ढग नसतानाही नेता. आणि गाडीचं म्हटलं की असे अंगावर का येता?" बाबांनी चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी सेंटर बंद झाले की माझी वॉरंटी संपणार. आम्ही तिघे गेलो. मला काउंटरशेजारीच उभे केले होते, त्यामुळे सगळे माझ्यासमोर घडले.

टायवाल्याने कागद पुढे सरकवला. "इथं सही करा मॅडम. दोन वर्षं अगदी निर्धास्त!"

बाईंनी पेन घेतले आणि कागद उलटा केला.

"मागचं पान कुणी वाचत नाही हो," टायवाला म्हणाला.

"पडदा बघताना मी मागची बाजूच आधी बघते. टाके तिथं दिसतात." असे म्हणून बाईंनी ते बारीक अक्षर एकदा वाचले, मग दुसऱ्यांदा वाचले. सर्व सर्व्हिसिंग कंपनीच्याच सेंटरमध्ये झालेले असावे, पुस्तकात प्रत्येकाचा शिक्का असावा, नाहीतर भरपाई मिळणार नाही. बाईंनी पुस्तक उघडले. पहिला शिक्का, ठीक. दुसरे पान कोरे.

"हे काय?"

"एवढं काही नाही मॅडम, चालून जातं," टायवाला म्हणाला.

"मग 'चालून जातं' एवढं इथं लिहून द्या."

टायवाल्याचा हात टायच्या गाठीकडे गेला. एवढ्यात बाबा खुर्चीवरून उठले. "बाळ, त्याला काही विचारू नकोस. ते सर्व्हिसिंग मी केलं, घरामागं. शिक्का नाही, म्हणून तो कागद घेऊन उपयोग नाही. आणि... गाडी तिसऱ्यात कण्हतेय. महिना झाला. माझ्या हातानंच बिघडली असणार."

मला ओरडून सांगावेसे वाटले, नाही हो बाबा, नाही! पण गाडीला हॉर्न असतो, तोंड नसते. आणि हॉर्नही दुसऱ्याने दाबावा लागतो.

बाई बाबांकडे वळून म्हणाल्या, "शिक्का नाही त्याचं काही नाही बाबा. आवाज ऐकून तुम्ही महिनाभर एकटेच घाबरत बसलात, मला सांगितलं नाहीत, त्याचं वाईट वाटतं."

आतून मोठे मिस्त्री हात पुसत आले. सगळ्या वर्कशॉपचा कारभार त्यांच्याकडे. त्यांनी सारे ऐकले होते. त्यांनी माझे बॉनेट उघडले, टॉर्च धरला आणि ती चांदणी दिसताच थबकले. तारीख, किलोमीटर, सगळे नीट कोरलेले. "कोणी केलंय हे?" त्यांनी विचारले. बाबांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

मिस्त्रींनी मला बाहेर नेऊन तिसऱ्या गिअरमध्ये एक चक्कर मारली. परत आले ते हसतच. "आजोबा, तुम्ही इंजिनाचं ऑइल बदललंत. गिअरबॉक्सला हातही लावला नाहीत. हे आतलं बेअरिंग आहे, कारखान्यातूनच कच्चं आलंय. तुमचा काडीचा दोष नाही. आज वॉरंटीत आहे आणि कारखान्याच्या दोषाला शिक्का लागत नाही, तर कंपनी बदलून देईल. तसा रिपोर्ट मी लिहितो. उद्या आला असतात तर पंचाईत होती."

बाईंनी बाबांना खुर्चीवर बसवून पाणी दिले. वाढीव वॉरंटीच्या कागदावर सही झाली नाही. टायवाला हिरमुसला, तेव्हा बाई त्याला म्हणाल्या, "सगळे शिक्के असते तर घेतलीही असती हो. तुमचा कागद वाईट नाही, आमच्या मापाचा नाही."

चार दिवसांनी मी ठणठणीत होऊन घरी आले. त्याच दुपारी बाबांनी पडद्यांच्या बिलाच्या मागच्या बाजूला मोत्यासारख्या अक्षरात लिहिले: 'या गाडीची काळजी मी घेईन. मुदत: हातात जोर आहे तोवर. अट: गाडीने काही आवाज केला तर तो त्याच दिवशी घरात सांगितला जाईल.' खाली चांदणी. बाईंनी तो कागद दोनदा वाचला, मगच त्यावर आपल्या धंद्याचा शिक्का मारून तो माझ्या कप्प्यात ठेवला.

आता सगळे गोडच झाले असे नाही, मित्रांनो. पाचव्या वर्षी माझा एसी बंद पडला. वाढीव वॉरंटीत तो बदलून मिळाला असता. बाबांनी खोलून पाहिला, तीन दिवस झटले, पण ते काम त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. आठवडाभर, नवा बसेपर्यंत, ते शेजारी बसून पुठ्ठ्याने बाईंना वारा घालत होते. "ही आमची वाढीव सेवा," असे वर म्हणत. बाईंना हसू आवरेना आणि आम्ही एक वळण चुकलो.

आज मी अकरा वर्षांची आहे. माझ्याबरोबर शोरूममध्ये उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या भंगारात गेल्या असतील. त्यांचा काही गुन्हा नव्हता. त्या कण्हल्या तेव्हा कुणी ऐकले नाही, एवढेच. मित्रांनो, म्हणून तुम्हाला सांगते. सायकल असो की घड्याळ, त्या वस्तूचे पुस्तक जपून ठेवा. सहीआधी मागचे पान वाचा. आणि वस्तू आवाज करू लागली, किंवा तुमच्याच हातून काही चुकले असे वाटले, तर लपवू नका. घरात सांगून टाका. बहुतेक वेळा भीतीच मोठी असते, बिघाड लहान असतो.

गेल्या महिन्यात बाबांनी माझा एक नट आवळायला घेतला आणि पाना त्यांच्या हातातून तीनदा निसटला. त्यांनी पाना खाली ठेवला, माझ्या कप्प्यातला तो पिवळा पडलेला कागद काढला आणि बाईंना दिला. "बाळ, हातातला जोर गेला. मुदत संपली बघ."

बाईंनी तो दोनदा वाचला. मग सतरंजी अंथरली, पाना उचलला आणि बाबांना स्टुलावर बसवले. "किती आवळू?"

बाबांनी कान पुढे केला. "अजून अर्धा आटा. हां, बस."

काम झाल्यावर बाईंनी बॉनेटच्या आत तारीख कोरली आणि चांदणी काढली. ती जरा वाकडीच झाली. मग पेन घेऊन त्यांनी त्या कागदाच्या तळाशी एक ओळ लिहिली आणि शिक्का मारला. तो कागद माझ्या कप्प्यात आहे, म्हणून मला ती ओळ पाठ आहे:

'मुदत वाढवली. अट एकच: बाबांनी रोज शेजारच्या सीटवर बसलेच पाहिजे.'