आसमानी रंगाखालचा श्वास

मी पाण्याची प्रेशर टाकी. रायपूरच्या चौबे कॉलनीत, एका घराच्या अंगणात आडवी पडून बोलतेय. आयुष्यभर उभी होते, त्यामुळे हे आडवं पडणं मला नवंच आहे. आभाळ एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं. भंगारवाला येईपर्यंत मला काही काम नाही, तेव्हा बसा जरा.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याचं पोट, पोटात रबराची पिशवी आणि पिशवीभोवती दाबून भरलेली हवा. मोटर चालली की पिशवीत पाणी शिरतं आणि हवा आक्रसते. नळ उघडला की तीच हवा पाण्याला बाहेर लोटते. माझं सगळं बळ त्या हवेत. पण हवा दिसत नाही, म्हणून तिची कोणी विचारपूस करत नाही.

मला या घरी गुलाबरावांनी आणलं. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीतून ते तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. घराला कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर, वर टाकी चढवायची सोय नाही. मग विहिरीत मोटर सोडली, न्हाणीमागच्या पडवीत मला उभं केलं आणि त्यांच्या पत्नीने, सरोजिनीबाईंनी, स्वयंपाकघरातला नळ उघडला. पाणी असं उसळून आलं की बाई दोन पावलं मागे सरकल्या आणि हसत सुटल्या.

"अजी, हे तं अंगावर धावून येऊन राहिलं!"

ते हसू ऐकलं आणि मी या घरची झाले.

विहिरीचं पाणी आभाळ पाहून येतं. दुपारी घर निजलं की मोटर गप्प व्हायची, पोटातलं पाणी निवायचं आणि मलाही डुलकी लागायची. त्या डुलकीत मी कधी न पाहिलेली विहीर दिसायची. शेवाळलेले दगड, कपारीतलं पारव्याचं घरटं, तळाशी हलणारा ढगाचा तुकडा. एवढ्यात कोणी हात धुवायला नळ उघडी, आणि ती विहीर थोडी थोडी माझ्यातून निघून जाई. मला वाईट वाटत नसे. कुणाच्या तरी तळहातावर तो ढग पोचला असेल, असं म्हणत मी पुन्हा पेंगत असे.

नळावरून माणूस ओळखता येतो. सरोजिनीबाई नळ बंद केल्यावर पुन्हा एकदा पिळून पाहायच्या. मुलगा स्वानंद नळ सोडून मोबाइलमध्ये डोकं घालायचा. गुलाबराव मात्र नळ सावकाश उघडायचे, गाडी सुटताना धक्का बसू नये तसा.

त्यांची एक खोड होती. लोखंड दिसलं की त्याला रंग द्यायचा. दरवर्षी खंडेनवमीला पेटी उघडायची, पाने-पक्कड मांडायचे, आणि आदल्या दिवशी मला नवा आसमानी रंग फासायचा. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आमंत्रण. "पाहा आमची टंकी! आहे का कुठं गंज?" मी फुगून जायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

पण माझ्या डोक्यावर सायकलच्या ट्यूबला असतो तसा एक छोटा व्हॉल्व्ह होता. मोटर बंद करून, पाणी सोडून, अधूनमधून तिथून हवा मोजायची असते, कमी असेल तर भरायची असते. पहिल्याच वर्षी त्याच्या टोपणावरून ब्रश फिरला. पुढच्या वर्षी पुन्हा. टोपण रंगाखाली गेलं आणि हवा जराजराशी कमी होत राहिली. बाहेरून मी नवरीसारखी नटलेली, आत दम लागलेला.

मग गुलाबरावांना लकवा मारला. उजवं अंग गेलं. घास भरवणं, शर्टाची बटणं, चपला, सगळं दुसऱ्यांच्या हाती गेलं. एकच गोष्ट त्यांनी सोडली नाही. आंघोळ. न्हाणीत प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचे, डाव्या हातात शॉवर धरायचे आणि दार लोटून घ्यायचे. लोटा उचलणं जमत नव्हतं, पण माझं पाणी एकसारखं यायचं, म्हणून जमत होतं. सरोजिनीबाई दाराशी घुटमळल्या की आतून आवाज यायचा, "तू काहून उभी आहे तिथं? जा, चहा मांड."

त्या भिंतीला पाठ लावून मी उभी असायची. दिवसभरात तेवढा वेळ तो माणूस पूर्वीचा असायचा, हे मला ठाऊक होतं. म्हणून दम लागला तरी मी रेटत होते.

हवा कमी, म्हणून ताणून ताणून एके सकाळी मात्र पिशवी फाटली. त्यांच्या अंगाला साबण, डोळ्यांत फेस. मोटर खट्ट चालू, खट्ट बंद. पाणी एकदम सुटायचं, एकदम आटायचं. ते नळ चाचपायला वाकले आणि स्टूल सरकलं. भिंत हाताला लागली म्हणून वाचले. स्वानंद धावत आला.

"बस हो गया बाबा. कल से मैं नहला दूँगा."

"मी का लहान पोट्टा आहो?"

"गिर जाते तो?"

गुलाबराव दुसऱ्या दिवसापासून आंघोळच नको म्हणू लागले. सरोजिनीबाई ओलं फडकं घेऊन जायच्या, ते तोंड भिंतीकडे फिरवायचे. माझ्या पोटात पाणी गच्च भरलेलं होतं आणि मला एक धार नीट देता येत नव्हती. लाज वाटली मला.

सगळ्यांनी दोष मोटरला दिला. शंकर नगरहून नळवाला आला, त्यालाही आधी तसंच वाटलं. मोटर ठीक निघाली. मग तो माझ्याकडे वळला. "इसका हवा वाला वॉल्व किधर है?" कोणालाच सांगता येईना. गुलाबरावांनी खुर्ची पडवीत आणायला लावली, डाव्या हातात चाकू घेतला आणि माझ्या डोक्यावरचा रंग स्वतः खरवडू लागले. पापुद्र्यामागून पापुद्रा निघाला. प्रत्येक खंडेनवमी खाली गळत होती.

टोपण निघालं. नळवाल्याने आतली पिन दाबली. हवेच्या जागी पाणी उडालं.

"हाँ, थैली फट गई," तो म्हणाला.

गुलाबरावांनी ते पाणी डाव्या तळहाताने पुसलं. "सरू," ते म्हणाले, "इतकं जपलं म्या हिले, अन् मीच हिचं नाक बुजवलं."

मला राग नव्हता. एवढ्या प्रेमाने गुदमरायला तरी कोणाला मिळतं!

माझ्या जागी नवी टाकी आली. स्वानंदने हौसेने रंगाचा डबा आणला, तर गुलाबरावांनी तो परत पाठवला. "रंग नाही. हवा पाहायचा काटा आण." हवा ते स्वतः मोजणार आहेत, डाव्या हाताने.

माणसांनो, ज्यांना तुम्ही सजवता, पुजता, मिरवता, त्यांना कधी दम लागतो का तेही विचारा. माझं एवढंच मागणं. गल्लीच्या टोकाला भंगारवाल्याची हाक ऐकू येतेय. येऊ दे.

आज न्हाणीचं दार पुन्हा लोटलेलं आहे. आत धार चालू आहे, एकसारखी. स्वानंद दाराशी जाऊ पाहत होता, आईने त्याला हाताला धरून अंगणात आणून बसवलं. चहा निवून गेला. शेवटी बाईंनी बसल्या जागेवरूनच विचारलं,

"अजी, झालं का नाही?"

"नाही," आतून आवाज आला. "अजून येऊन राहिलं पाणी."